पडद्यावर खर्च करण्याआधी आवाजाकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ ह्या पट्ट्यात हौशी नाटक मंडळं, नृत्याचे क्लास, नाट्यसंगीत आणि सुगम संगीताच्या संस्था किती आहेत हे वेगळं सांगायला नको, दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे काहीतरी चालूच असतं. मी बरीच वर्षं अशा मंडळींचं साउंड आणि बॅकस्टेज सांभाळतो, पोटापाण्याचं काम वेगळं आहे. हल्ली संस्थांकडून एकच प्रश्न येतो, की थोडे पैसे जमलेत, एका सभासदाने देणगी दिलीये, आता टेक्नॉलॉजीवर काय खर्च करू, मागे एलईडी वॉल, म्हणजे दिव्यांचा मोठा पडदा, लावू का, प्रयोग लाइव्ह दाखवू का, नवा कॅमेरा घेऊ का. माझं उत्तर दरवेळी तेच असतं आणि ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हे पत्र. आधी शेवटच्या रांगेतल्या माणसाला नीट ऐकू येऊ दे. मग तुमच्याकडे जे आधीपासून आहे, जुन्या प्रयोगांच्या कॅसेटी, संहिता, फोटो, ईमेल, पासवर्ड, ते सगळं संस्थेच्या ताब्यात आणा. ह्या दोन गोष्टी झाल्या की मग वॉलचं बघू.

वॉलला माझा विरोध नाही पण तिचं गणित समजून घ्या. ती स्वतः प्रकाश फेकते त्यामुळे तिच्यापुढे उभ्या नटाचा चेहरा काळा पडतो, मग चेहरा दिसावा म्हणून समोरचे लाइट वाढवायचे, ते वाढवले की प्रकाशयोजना करणाऱ्याने मेहनतीने आखलेला अंधार गेला, आणि प्रेक्षक अख्खा अंक मागचे हलते ढग बघत बसतात. स्वस्तातल्या वॉलचे ठिपके जाड असतात, पुढच्या रांगांना चित्राच्या जागी ठिपकेच दिसतात, शूटिंगमधे तर त्यावर लाटा उमटतात. तेवढ्याच भाड्यात चार चांगले माइक, एक अनुभवी साउंड ऑपरेटर आणि रंगमंचावर एक जादा टेक्निकल तालीम होऊ शकते. मला विचाराल तर तालीम घ्या.

आता माइक. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात म्हणून जरा नीट लिहितो. बाजारात ते छोटे कॉलर माइक मिळतात ना, डबीत दोन असतात, फोनला रिसीव्हर लावला की चालू, रील बनवणारी मुलं वापरतात ते. फारच स्वस्त म्हणून संस्था तेच चार-सहा जोड घेतात. तालमीच्या हॉलमधे ते मस्त चालतात, दुपारी रिकाम्या नाट्यगृहात सुद्धा चालतात, आणि तिसरी घंटा झाल्यावर कर्रर्र करायला लागतात, मधेच आवाज गायब, परत येतो, परत गायब. लोक म्हणतात माइक खराब निघाला. माइक खराब नसतो. हे माइक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यावर वायफाय चालतं आणि ब्लूटूथही. दुपारी हॉलमधे दहा-वीस फोन असतात, संध्याकाळी हाउस भरलं की शेकडो फोन, प्रत्येकाचं वायफाय चालू, कानातली ब्लूटूथ बटणं चालू, घड्याळं चालू. त्यात माणसाच्या शरीरात मुख्यतः पाणीच, आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतं, म्हणजे रिसीव्हर प्रेक्षागृहाच्या मागे कंट्रोल रूममधे असेल तर स्टेज आणि रिसीव्हर ह्यांच्या मधे माणसांची भिंत उभी राहते. म्हणून दुपारची टेस्ट काही सांगत नाही.

नाटकासाठी यूएचएफचेच, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीपासून दूर, बऱ्याच खालच्या पट्ट्यावर चालणारे माइक घ्या, आणि शक्यतो भाड्याने घ्या. वर्षातून पाच-सहा प्रयोग करणाऱ्या मंडळाने माइकचे संच विकत घेऊन कपाटात ठेवण्यात अर्थ नाही, बॅटऱ्या आत राहतात, गळतात, कॉन्टॅक्ट गंजतात. तरी घ्यायचेच असतील आणि कुणी सेकंडहँड देत असेल तर किंमत विचारण्याआधी रिसीव्हरच्या पाठीमागचं स्टिकर वाचा. त्यावर फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी विकला गेला, १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, आणि आता त्या पट्ट्यात टॉवर बोलतात. जुने माइक बरेच ह्याच भागातले, ७४०, ७६०, ७८० असे आकडे दिसतील. असा संच कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ७०० च्या बऱ्यापैकी खालचा बघा.

एकापेक्षा जास्त माइक असले की अजून एक भानगड होते. समजा तुम्ही तीन माइक ६००, ६०१ आणि ६०२ वर लावले. बघायला छान सारखं अंतर आहे. पण दोन ट्रान्समीटर, म्हणजे नटाच्या अंगावरच्या माइकच्या डब्या, एकत्र चालू असल्या की ते आपसात मिसळून नको त्या जागी तिसरी लहर तयार करतात, ६०१ च्या दुपटीतून ६०० वजा केले की ६०२ येतात, म्हणजे पहिल्या दोघांनी मिळून तिसऱ्या माइकच्या डोक्यावरच खडखड आणून ठेवली. म्हणून अंदाजाने चॅनेल लावायचे नाहीत, एकाच कंपनीचा एकच संच वापरायचा आणि त्या कंपनीने आखून दिलेल्या ग्रुपमधलेच चॅनेल घ्यायचे, ते आधीच हा हिशोब करून दिलेले असतात. दोन वेगळ्या ठिकाणांहून भाड्याने आणलेले माइक एकत्र चालवत असाल तर सगळे एकदम चालू करून, सगळे नट स्टेजवर उभे करून तपासा, एकेक करून तपासलेलं काही कामाचं नाही.

रिसीव्हर विंगेत ठेवा, मागे कंट्रोल रूममधे नको, तिथून मिक्सरपर्यंत वायर न्या. अँटेना नटाला दिसली पाहिजे, लोखंडी कपाटामागे किंवा डिमरच्या (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) शेजारी लपवू नका. बॅटरी प्रत्येक प्रयोगाला नवी, अर्धी वापरलेली दुसऱ्या दिवशीच्या तालमीला. हे खर्चिक वाटतं म्हणून बरेच जण टाळतात, त्यांनी चार्ज होणारे चांगले सेल आणि एक बरा चार्जर घ्यावा, सेलवर तारीख लिहावी. माइक छातीवर लावला की नऊवारीचा पदर, मंगळसूत्र, शेला सगळं त्यावर घासतं आणि ते घासणं डायलॉगपेक्षा मोठं ऐकू येतं. केसांच्या कडेला कपाळावर किंवा गालावर लावा, वायर मानेमागून पाठीवर, मेकअपवाल्या ताईंना आधी सांगा म्हणजे विगच्या आत नीट बसवून देतात. मे महिन्यात लाइटखाली घाम किती येतो ते माहीतच आहे, ट्रान्समीटर पातळ प्लॅस्टिकमधे गुंडाळून मगच पट्ट्याला लावायचा.

आणि एक मनापासून सांगतो, सगळ्यांना माइक द्यायची गरज नसते. पुढच्या कडेला ठेवलेले दोन-तीन फ्लोअर माइक कमी आवाजावर ठेवले आणि नटांनी आवाज फेकायची तालीम केली तर साध्या सामाजिक नाटकाला ते पुरतं. माइक आहे म्हणून कुजबुजत बोलणारी मुलं मी खूप बघतो, त्यांचा आवाज मिक्सरवर कितीही चढवला तरी आधी फीडबॅकची शिट्टी वाजते, मग वाक्य ऐकू येतं. दिग्दर्शकांनी हे तालमीतच बघायला हवं, साउंडवाल्याच्या हातात तोवर काही राहिलेलं नसतं.

पार्श्वसंगीताबद्दल. अजूनही कितीतरी संस्था फोनवरून म्युझिक सोडतात, गॅलरीतून किंवा व्हॉट्सअॅपमधून थेट. वादळाचा क्यू, म्हणजे तो आवाज सोडायची ठरलेली वेळ, आहे आणि त्याच वेळी कुणाच्या मावशीचा फोन येतो. फोन वापरायचाच असेल तर एअरप्लेन मोड, आणि ब्लूटूथ नको, वायर लावा. नृत्याच्या क्लासमधे ब्लूटूथ स्पीकर सर्रास असतो, तालमीला चालेल, पण सोबत जिवंत तबला किंवा नट्टुवांगम (भरतनाट्यमला झांजांवर धरलेला ताल) असेल तर ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा येतो आणि मुलींचे पाय कुणाच्या तालावर पडायचे हाच गोंधळ होतो. बाई मुलींना ओरडतात, चूक त्यांची नसते.

खरं तर एक जुना लॅपटॉप ह्या कामाला भरपूर झाला. मॅक असेल तर क्यूलॅब नावाचं सॉफ्टवेअर फुकटात साधं ऑडिओ चालवतं, लिनक्सवर लिनक्स शो प्लेअर पूर्ण फुकट आहे, विंडोजवर मल्टिप्ले नावाचं जुनं पण साधं सॉफ्टवेअर अजून चालतं. ह्यांचा फायदा असा की क्यू ओळीने लावून ठेवता येतात, एक स्पेसबार दाबला की पुढचा क्यू, फेड किती सेकंदात व्हायचा तेही आधीच ठरलेलं, ऑपरेटर बदलला तरी प्रयोग तसाच होतो. आवाजाच्या फाइल वेव्ह फॉरमॅटमधे ठेवा, एमपीथ्रीच्या सुरुवातीला बारीकशी शांतता राहते, थप्पड किंवा गोळीच्या आवाजाला तेवढ्याने टायमिंग चुकतं. एकमेकांना फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे दर्जा उतरत नाही. फाइलच्या नावात आधी क्यू नंबर मग प्रसंग, ०७ दारावर थाप, ०८ ट्रेन लांबून, अशी. आणि हीच यादी कागदावर छापून विंगेत आणि लाइटवाल्याकडे. लॅपटॉपचे अपडेट, स्क्रीनसेव्हर, स्लीप, सूचनांचे आवाज सगळं बंद. सगळ्या फाइल दुसऱ्या मशीनवरही असू द्या, ते शेजारी उघडून ठेवलेलं असू दे.

लॅपटॉप चार्जरवर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, हे जवळजवळ सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि जवळजवळ सगळे चार्जर काढून बॅटरीवर चालवतात, मग दुसऱ्या अंकात बॅटरी संपते. हा ग्राउंड लूप. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या जागी अर्थ झालेले असतात आणि त्यातून ५० हर्ट्झची घुमघुम ऑडिओच्या वायरीत शिरते. ह्याला मधे लावायची, हा लूप तोडणारी डबी, म्हणजे डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर लागतो, फार महाग नसतो. संस्थेने स्वतःच्या पैशाने काही विकत घ्यायचंच असेल तर माझी यादी अगदी छोटी आहे, दोन डीआय बॉक्स, बॅलन्स्ड (वायरीतला गोंगाट टाळणारं) आउटपुट असलेला एक छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधे आवाज आत-बाहेर नेणारी डबी), चांगल्या एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबल, एक बरा हेडफोन, आणि लॅपटॉप, मिक्सर आणि रिसीव्हरसाठी यूपीएस. यूपीएस विसरू नका. पावसाळ्यात लाइट गेली की जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात, पण डिजिटल मिक्सर बंद पडून परत उभा राहायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात प्रयोगाची पकड सुटते ती सुटतेच. टॅबवरून चालणारा मिक्सर असेल तर त्याच्या आतल्या छोट्या वायफायवर भरवसा ठेवू नका, वर माइकचं सांगितलं तेच तिथेही होतं, स्वतःचा ५ गिगाहर्ट्झचा राउटर नाहीतर सरळ नेटवर्क केबल.

लाइटचं थोडक्यात. डीएमएक्सच्या, म्हणजे लाइटना हुकूम पोचवणाऱ्या, लाइनला माइकची केबल लावू नका, चालल्यासारखी वाटते आणि ऐनवेळी लाइट लुकलुकतात, आणि शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा प्लग) लावा. शिकणाऱ्या मुलांसाठी क्यूएलसी प्लस हे फुकट सॉफ्टवेअर आहे, घरी बसून प्रकाशयोजनेचे क्यू बांधून बघता येतात, ह्या मुलांना जरूर दाखवा. प्रोजेक्टरला लांब स्वस्त एचडीएमआय ओढू नका, दहा-पंधरा मीटरच्या पुढे चित्र जायला लागतं, नेटवर्क केबलवरून नेणारा एक्सटेंडर भाड्याने मिळतो.

शूटिंग आणि लाइव्हचं म्हणाल तर चित्रापेक्षा आवाज आधी, पुन्हा तेच. मागच्या रांगेत ट्रायपॉडवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक पंख्याचा आणि खोकल्याचा आवाज उत्तम घेतो, डायलॉग घेत नाही. मिक्सरमधून वेगळी लाइन घ्या, आणि हशा-टाळ्यांसाठी प्रेक्षागृहात एक माइक, दोन्ही मिसळा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून कॅमेरा २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, बरेचसे लाइट लुकलुकायचे थांबतात. यूट्यूबवर नव्या चॅनेलला लाइव्हची परवानगी सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी सकाळी चॅनेल काढून चालत नाही. नाट्यगृहातल्या मोबाइल नेटवर विसंबू नका, हाउस भरलं की माइकसारखीच त्याचीही हालत होते, जमलं तर लँडलाइनचं इंटरनेट ओढून घ्या.

पण लाइव्ह करण्याआधी हक्कांचं बघा, इकडे सगळेच दुर्लक्ष करतात. लेखकाने प्रयोगाची परवानगी दिली म्हणजे चित्रीकरणाची आणि ऑनलाइन दाखवायची दिली असं होत नाही, ती वेगळी आणि लेखी घ्यायची. नटांची आणि वादकांचीही संमती लेखी घ्या, कायद्यात कलाकाराचाही स्वतंत्र हक्क आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट राहतो. ज्यांच्या नावाने ठाण्यातलं रंगायतन आहे ते राम गणेश गडकरी १९१९ मधे गेले, त्यांची नाटकं कुणीही करावीत, दाखवावीत. पण पद जुनं आहे म्हणून त्याची नंतरच्या काळात निघालेली एखादी रेकॉर्ड वाजवली तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि यूट्यूबची मशीन ती बरोबर पकडते, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडकतो. नृत्याच्या क्लासनी गॅदरिंगला सिनेमाची गाणी लावताना आयपीआरएस आणि पीपीएल ह्या गाण्यांच्या आणि रेकॉर्डिंगच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे परवान्याचं आधी विचारून घ्यावं. ह्यावर मला सुचणारा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आपल्याच संस्थेतल्या मुलांकडून नवं संगीत करून घ्या, हक्कांचं लेखी ठरवून घेतलं की ते संस्थेला बिनधास्त वापरता येतं, आणि मुलांना काम मिळतं.

आता ज्यासाठी मी खरं पत्र लिहायला बसलो ती गोष्ट. ठाणे-डोंबिवलीकडच्या कितीतरी जुन्या मंडळांकडे कपाटात व्हीएचएसच्या कॅसेटी आहेत, ऑडिओ कॅसेटी, मिनीडीव्हीच्या छोट्या टेप, बर्न केलेल्या सीडी-डीव्हीडी. स्पर्धेचे प्रयोग, तालमी, गाण्याच्या बैठका, आता ह्या जगात नसलेल्या माणसांचे आवाज. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. आणि हे सगळं रोज थोडं थोडं चाललंय. आपल्या दमट हवेत टेपवर बुरशी येते, कॅसेटच्या खिडकीतून बघा, टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट मशीनमधे घालू नका, मशीनच्या हेडला ती लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही बिघडतात, ती आधी साफ करून घ्यावी लागते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मधे ते बनवणं थांबवलं, आता जी मशीनं आहेत तेवढीच आहेत, आणि ती दुरुस्त करणारी माणसंही म्हातारी झालीत. दहा वर्षांनी पैसे असतील पण चालवायला मशीन नसेल.

करायचं काय ते अवघड नाही, वेळखाऊ आहे. ऑडिओ कॅसेटसाठी एक बरा डेक, त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपवर, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट. तासाला साधारण एक जीबी होते, हल्लीच्या डिस्कवर ती काहीच नाही. आवाज सुधारत बसू नका आत्ता, खरखर असू दे, आधी जशी आहे तशी उतरवा, मूळ फाइलला हात लावू नका, सुधारायचं ते प्रतीवर. मिनीडीव्हीला फायरवायर (जुन्या काळची डिजिटल जोडणी) असलेला जुना कॅमेरा आणि जुना कॉम्प्युटर शोधा, तासाला तेरा जीबी लागतात पण जसंच्या तसं येतं, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून नको. टीव्हीवर कॅसेट लावून समोरून मोबाइलने शूट करणारेही आहेत, कृपा करून तसं करून मूळ कॅसेट टाकून देऊ नका. वीस वर्षांपूर्वीच्या बर्न केलेल्या डीव्हीडी आजच कॉपी करा, त्या टेपच्याही आधी जातात असा माझा अनुभव आहे.

मग तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे दुसरं कपाट नाही, दुसरी इमारत, जमलं तर दुसरं गाव किंवा क्लाउड. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या घरांचं काय झालं ते ठाणे-कळवा-कल्याणच्या माणसाला सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, मला त्या रात्री झोप लागली नाही.

संहितांचंही तसंच. जुन्या हस्तलिखितांचे फोनवरच्या स्कॅनरने पीडीएफ करा. श्रीलिपी, आकृती किंवा किरण फाँटमधे टाइप केलेल्या फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांचा कचरा दिसतो, त्या हरवलेल्या नसतात, युनिकोडमधे बदलून घेता येतात, तेही जुना फाँट ओळखणारं कुणी आहे तोवर करून घ्या. छापील पानांचा फोटो गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समधे उघडला तर मराठी मजकूर बऱ्यापैकी येतो, शुद्धलेखन तपासायचं काम राहतं पण टायपिंग वाचतं. आणि फोटो. फोटोत कोण आहे, कुठल्या नाटकातलं आहे, मागे उभा तो पेटी वाजवणारा कोण, हे सांगणारे काका-मावशी अजून आहेत. एका रविवारी त्यांना बोलवा, चहा करा, लॅपटॉपवर एकेक फोटो लावा आणि ते बोलतील ते रेकॉर्ड करत जा. ह्याला एक रुपयाही लागत नाही आणि ह्यापेक्षा महत्त्वाचं टेक्नॉलॉजीचं काम कुठल्याही संस्थेकडे मला दिसत नाही.

शेवटी ताब्याचा मुद्दा. संस्थेचं यूट्यूब चॅनेल एका मुलाच्या जीमेलवर, फेसबुक पेज दुसऱ्याच्या नावावर, वेबसाइटचं डोमेन तिसऱ्याने कधीतरी घेतलेलं, तो आता बंगलोरला. ओटीपी त्याच्या नंबरवर. भांडण नसतं कुणाचं, पण लग्न होतं, नोकरी बदलते, नंबर बदलतो आणि दहा वर्षांचं चॅनेल कुलूपबंद. संस्थेच्या नावाचा ईमेल काढा, सगळी खाती त्यावर, प्रत्येक ठिकाणी निदान दोन अॅडमिन, टू-स्टेप लॉगिनचे बॅकअप कोड छापून खजिनदाराच्या फाइलमधे, आणि कार्यकारिणी बदलली की चेकबुकासोबत तेही पुढच्यांच्या हातात. नोंदणीकृत संस्थांना गुगलची ना-नफा योजना फुकट मिळू शकते, कॅनव्हाचीही तशीच आहे, एकदा अर्ज करून बघा. तिकिटाचे यूपीआय संस्थेच्याच बँक खात्यात घ्या, कुणाच्या वैयक्तिक क्यूआरवर नको, ऑडिटला त्रास होतो आणि बोट त्या बिचाऱ्यावर जातं. पैसे आले की नाही ते खात्यात बघायचं, दाराशी दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून तिकीट घेतानाच प्रेक्षकाला नंबर सेव्ह करायला सांगा, आणि त्यांचे नंबर विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाला देऊ नका, २०२३ मधे त्यावर कायदाही झालाय.

एक विनंती नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांना आणि एक तुम्हाला. गडकरी रंगायतन १९७८ पासून ठाण्याच्या लोकांचं आहे, घोडबंदर रोडच्या बाजूला घाणेकर नाट्यगृह आहे, वाशीला भावे, पनवेलला फडके. प्रत्येक नाट्यगृहाची एक-दोन पानांची टेक्निकल माहिती कुणालाही घरबसल्या वाचता यावी, स्टेजची रुंदी-खोली, विंगा किती, लाइट टांगायचे बार किती आणि कुठे, लाइट कोणते आणि किती चालू, मिक्सर कुठला, कंट्रोल रूमपासून स्टेजपर्यंत केबल किती लांब, वीज किती मिळते, यूपीएस-जनरेटर आहे का. बाहेरगावच्या संस्थेलाही ह्यावरून घरीच प्रकाशयोजना आखता येईल, आणि सकाळी हॉल हातात आल्यावर मोजमाप घेण्यात जाणारे दोन तास तालमीला मिळतील. वर्षातून एकदा तारीख टाकून ती सुधारली तरी पुरे. तुम्हाला विनंती अशी की तुमच्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एकेका नाट्यगृहाची ही माहिती छापा, हौशी मंडळी कात्रणं कापून तालमीच्या हॉलच्या भिंतीवर लावतील. पहिल्या नाट्यगृहाची मोजमापं आणि लाइटची यादी, व्यवस्थापनाची परवानगी मिळाली तर, आम्ही बॅकस्टेजची काही मुलं मिळून करून द्यायला तयार आहोत.

आपला नम्र,
बॅकस्टेजचा एक कार्यकर्ता,
नौपाडा, ठाणे